कुरतडलेल्या पानाची बाजू

शहरात फुलपाखरांसाठी जागा करायची असं ठरलं की वाद दोन ठरावीक बाजूंनी सुरू होतो. एका बाजूच्या डोळ्यांसमोर फुलांचे ताटवे असतात: मधोमध हिरवळ, कडेने हंगामी फुलांचे वाफे, फरसबंद वाट आणि प्रवेशद्वारावर पंख पसरलेलं सिमेंटचं फुलपाखरू. दुसरी बाजू म्हणते, हा नुसता देखावा आहे. फुलपाखरं जपायची तर रानात जपा. शहर माणसांसाठी असतं, तिथे आधी घरं, पाणी आणि रस्ते यांचं बघा. मग पहिली बाजू दुसरीला निसर्गाची वैरी ठरवते, दुसरी पहिलीला हौशी म्हणून मोडीत काढते, आणि खरा निर्णय शेवटी सुशोभीकरणाच्या निविदेत होऊन जातो. या सगळ्या चर्चेत अळीचं नाव कुठेही येत नाही. मादी अंडं कुठे घालणार, त्यातून निघालेला जीव काय खाणार, कोष कशाला टांगणार, हे कोणी विचारतच नाही.

माझी भूमिका आधीच सांगून टाकते. परागीभवन करणारे कीटक शहरात परत आणता येतात आणि काही ठिकाणी ते आणलेही गेले आहेत. पण या कामाचं माप फुलांवर घेतलं की काम फसतं. ते पानांवर घ्यायला हवं. ज्या बागेत एकही पान कुरतडलेलं दिसत नाही, ती फुलपाखरांची खाणावळ असेल, घर नव्हे. आणि शहरांना आज कमतरता आहे ती घरांची.

असं का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. मध पिण्याच्या बाबतीत बहुतेक फुलपाखरं फारशी चोखंदळ नसतात. सोंड पोचली आणि आत गोड रस असला की झालं. अळीला मात्र ही मुभा नाही. पान म्हणजे वनस्पतीचं स्वयंपाकघर. ते कोणी खाऊ नये म्हणून वनस्पती त्यात कडू, चिकट, विषारी रसायनं भरून ठेवतात. लक्षावधी वर्षांत एकेका फुलपाखराने एकेका वनस्पतिकुळाच्या विषावर उतारा शोधला, आणि मग तीच वनस्पती त्याचं अन्न झाली. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ साली हे नातं पहिल्यांदा सविस्तर मांडलं. रुईचं पान तोडलं की निघणारा पांढरा चीक हृदयावर परिणाम करणारा आहे. गुरंही रुईला सहसा तोंड लावत नाहीत. प्लेन टायगर फुलपाखराची अळी मात्र त्याच पानावर वाढते, ते विष अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरू झाल्यावर त्याच विषाच्या जोरावर पक्ष्यांपासून वाचते. तिला गुलाबाचं कोवळं पान दिलं तर ती उपाशी मरेल.

घाणेरी हे या गोंधळाचं सगळ्यात बोलकं उदाहरण. मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली ही वनस्पती शोभेची म्हणून आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात नेली गेली आणि तिन्हीकडे तिने रानं व्यापली. तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड असते, हे खरंच आहे. फोटो काढायला याहून सोपी जागा नाही. म्हणून बागेची आखणी करणारा माणूस भाबडेपणाने म्हणतो की फुलपाखरांना घाणेरी आवडते, आणखी लावू. पण त्या झुंबडीतल्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांना घाणेरीच्या पानात खाण्यासारखं काही नसतं. आणि घाणेरीच्या दाट जाळीखाली ज्या देशी वेली, गवतं आणि झुडपं दबून नाहीशी होतात, त्यांच्यावरच या माद्या अंडी घालत असतात. म्हणजे पुढच्या पिढीची जागा घेऊन आजच्या पिढीला मध पाजायचा, असा हा व्यवहार.

इथे ‘देशी विरुद्ध विदेशी’ हा वाद येतो, आणि तो तर आणखी वाईट पद्धतीने घातला जातो. काहींच्या तोंडी ‘देशी’ हा शब्द अस्मितेचा होतो. जणू झाडालाही नागरिकत्वाचा दाखला लागतो. त्याला उत्तर म्हणून दुसरे म्हणतात, निसर्गाला सीमा नसतात, हिरवं ते सगळं चांगलं. दोन्ही बोलणी ऐकायला जोरदार, पण अळीच्या उपयोगाची नाहीत. तिच्यासाठी देशी याचा अर्थ इतकाच की या वनस्पतीचं रसायन माझ्या पूर्वजांच्या ओळखीचं आहे.

या ठिकाणी विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मान्य करायलाच हवा. कॅलिफोर्नियातील डेव्हिस या शहरातल्या फुलपाखरांचा आर्थर शपिरो यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. २००२ साली त्यांनी दाखवून दिलं की तिथे वाढणाऱ्या ३२ जातींपैकी २९ जाती परकीय वनस्पतींवरही अंडी घालतात, आणि चाळीस टक्क्यांहून अधिक जातींना शहरात बहुधा एकही देशी खाद्यवनस्पती उरलेली नाही. म्हणजे शुद्धतेच्या आग्रहापायी उद्या तिथलं सगळं परकीय तण उपटलं, तर फुलपाखरंही जातील. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. ज्या शहरात जुनं सगळं आधीच पुसलं गेलं आहे, तिथे उपटण्याआधी पर्याय उभा करावा लागतो. आधी लावा, वाढू द्या, मग काढा.

पण शपिरोंचा अभ्यास आपल्याला कोणाबद्दल सांगतो? जे तग धरून राहिले त्यांच्याबद्दल. ज्यांना नवं अन्न पचलं नाही, ती फुलपाखरं त्या मोजणीत येणारच नाहीत, कारण ती मोजायला उरलीच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर झर्सीज ब्लू नावाचं एक छोटं निळं फुलपाखरू होतं. शहर पसरलं, टेकड्यांवर रस्ते आणि घरं आली, तिथल्या देशी द्विदल झुडपांबरोबर अळीचं अन्न गेलं, आणि १९४०च्या दशकाच्या सुरुवातीनंतर हे फुलपाखरू कोणालाही दिसलेलं नाही. शहराच्या वाढीमुळे नष्ट झालेलं अमेरिकेतलं पहिलं ज्ञात फुलपाखरू म्हणून ते ओळखलं जातं. कीटकसंवर्धनासाठी १९७१ साली स्थापन झालेल्या झर्सीज सोसायटीने त्याचंच नाव घेतलं. त्या शहरात त्यानंतरही फुलं भरपूर होती.

आणि परकीय वनस्पती नेहमी निरुपद्रवी पर्याय असते असंही नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या आसपास रिचमंड बर्डविंग हे मोठं, देखणं फुलपाखरू एकेकाळी सहज दिसे. त्याची खाद्यवेल रानाबरोबर तुटली, आणि बागांमधून तिच्याच कुळातली दक्षिण अमेरिकी शोभेची वेल आली. मादीला वासावरून ती आपलीच वाटते. ती तिच्यावर अंडी घालते, आणि पान खाल्लं की अळ्या मरतात. नुसती जागा रिकामी राहिली असती तर मादी पुढे उडून गेली असती. इथे तिची अंडीच सापळ्यात पडली. १९९०च्या दशकापासून तिथे शाळा आणि घराघरांतून मूळची वेल लावण्याची आणि ही शोभेची वेल काढण्याची मोहीम चालली ती याचसाठी. अमेरिकेच्या दक्षिण भागात हळदीकुंकू या वनस्पतीने असाच पेच उभा केला. मोनार्क फुलपाखराची अळी तिची पानं आनंदाने खाते, म्हणून लोकांनी ती प्रेमाने लावली. पण तिथली मूळची मिल्कवीड, म्हणजे मोनार्कच्या अळीचं नेहमीचं अन्न, थंडीत वाळून जाते आणि ही उबदार भागात बारा महिने हिरवी राहते, त्यामुळे पानांवर मोनार्कच्या एका परजीवीचे बीजाणू साठत जातात. इथे लावणाऱ्यांच्या मायेत काही खोट नव्हती. ऋतूचं गणित चुकलं होतं.

तेव्हा शंभर टक्के देशीचा हट्ट मी धरत नाही. वॉशिंग्टनच्या उपनगरी बागांमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने यासाठी हाताशी धरण्यासारखा आकडा दिला आहे. चिकडी नावाचा छोटा पक्षी आपली पिल्लं मुख्यतः अळ्यांवर वाढवतो. ज्या बागांमध्ये देशी वनस्पतींचं प्रमाण सत्तर टक्क्यांखाली गेलं, तिथे त्याला आपली संख्या टिकवता येईना. हा आकडा जगात सगळीकडे जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण त्याचा रोख महत्त्वाचा आहे: तीस टक्के आपल्या आवडीचं लावायला वाव आहे, वाद उरलेल्या सत्तरांचा आहे.

आता ‘रानात जपा’ या मुद्द्याकडे येऊ. त्यात तथ्य आहे. घनदाट रानात राहणारी, एखाद्याच वेलीवर वाढणारी कितीतरी फुलपाखरं शहरात कधीच येणार नाहीत, आणि शहरातल्या चार वाफ्यांच्या समाधानात रान तोडायला संमती मिळत असेल तर ते वाफे नकोतच. पण या मुद्द्यात एक गृहीतक दडलेलं आहे, ते असं की शहराबाहेर सगळं ठीक आहे. जर्मनीत क्रेफेल्ड इथल्या कीटक-अभ्यासकांनी १९८९पासून २७ वर्षं संरक्षित क्षेत्रांमधल्या ६३ ठिकाणी सापळे लावून उडणारे कीटक तोलले. २०१७ साली निष्कर्ष आला: त्यांचं एकूण वजन पाऊणपटीहून जास्त घटलं होतं. आणि हे राखीव जागांमध्ये! त्यातल्या बहुतेक जागांना चहूबाजूंनी आधुनिक शेतीने वेढलेलं होतं. उलट ब्रिटनमधल्या बारा मोठ्या शहरांच्या २०१५च्या पाहणीत मधमाश्यांच्या जाती भोवतालच्या शेतजमिनीपेक्षा शहरात अधिक आढळल्या. एकाच पिकाच्या मैलोन्‌मैल पट्ट्यात, फवारणीखाली जगण्यापेक्षा कोपऱ्याकोपऱ्यात वेगवेगळं काही फुलणारं शहर त्यांना परवडतं. मग शहराला या प्रश्नातून मोकळं सोडायचं ते कशाच्या आधारावर?

याच्या उलट टोकाची समजूतही मला तितकीच घातक वाटते: जागेला कुंपण घाला, माणसाला बाहेर ठेवा, निसर्ग आपलं बघून घेईल. ब्रिटनच्या लार्ज ब्लू फुलपाखराची हकिगत प्रत्येक उद्यान विभागाने वाचावी अशी आहे. हे फुलपाखरू कमी होऊ लागलं तेव्हा संशय संग्राहकांवर गेला. राखीव जागांना कुंपणं घातली गेली. अळीला लागणारी रानटी थाईम या सुवासिक वनस्पतीची फुलं आत भरपूर होती. तरीही फुलपाखरू घटतच गेलं. जेरेमी थॉमस यांनी १९७०च्या दशकात या गवताळ उतारांवर ठाण मांडून कारण शोधलं. ही अळी काही आठवडे थाईमवर राहते, मग जमिनीवर पडते आणि एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्यांना आपण त्यांचंच पिल्लू आहोत असं भासवते. मुंग्या तिला वारुळात नेतात, आणि तिथे ती मुंग्यांचीच पिल्लं खाऊन मोठी होते. या मुंग्यांना लागते उन्हाने तापलेली जमीन. कुंपणामुळे गुरांचं चरणं थांबलं, रोगाने ससे मेले, गवत थोडंसंच वाढलं, पण त्या सावलीने माती गार झाली. मुंग्या गेल्या आणि मागोमाग फुलपाखरू गेलं. १९७९ साली ते ब्रिटनमधून नष्ट झालं. खरं कारण हाती आल्यावर चराई पुन्हा सुरू केली, १९८३पासून स्वीडनहून आणलेल्या अळ्या सोडल्या, आणि आज ते तिथे पुन्हा उडतं.

ही गोष्ट माझ्याही म्हणण्याला मुरड घालते, हे मला मान्य आहे. नुसती खाद्यवनस्पती लावून भागत नाही. जमिनीची ऊब, गवताची उंची, मुंग्या, कोणत्या महिन्यात कापणी केली, हे सगळं मिळून अधिवास होतो. पण म्हणूनच हे काम शहराला जमण्यासारखं आहे. शहराकडे माळी आहेत, गवत कापायची यंत्रं आहेत, वेळापत्रकं आहेत. कुठे, केव्हा आणि किती कापायचं, एवढाच हुकूम बदलायचा आहे.

परागवाहक म्हटलं की अनेकांच्या मनात थेट मधाची पेटी येते, आणि इमारतींच्या गच्च्यांवर पेट्या ठेवून शहरं समाधान मानतात. हेतू चांगला असला तरी हा मार्ग मला चुकीचा वाटतो. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत. पेटीत पाळली जाते ती त्यांतली एखाद-दुसरी, आणि तिला अन्न देणारी फुलं मात्र सगळ्यांची सामायिक. स्वित्झर्लंडच्या चौदा शहरांत २०१२ ते २०१८ या सहा वर्षांत पेट्या सुमारे ३,१०० वरून ९,३०० च्या पुढे गेल्या. तेवढ्या माश्यांना पुरेल इतकी हिरवाई बहुतेक शहरांत नव्हती. पेटीतली माशी पाळीव आहे. तिची संख्या वाढवून रानमाश्या वाचवायच्या म्हणजे कोंबड्या पाळून चिमण्या वाचवण्यासारखं आहे. रानमाश्यांतल्या बहुसंख्य एकेकट्या राहतात आणि साधारण सत्तर टक्के जाती जमिनीत बीळ करतात. त्यांना हवी असते उन्हातली उघडी, न तुडवलेली माती. शहरात नेमकी हीच गोष्ट कोणाला बघवत नाही. दिसली की तिच्यावर फरशी येते, नाहीतर हिरवळीचा गालिचा.

‘पडीक’ या शब्दाचाच फेरविचार करायला हवा, असं मला फार वाटतं. इंग्लंडच्या इसेक्समध्ये कॅनव्ही विक नावाची जागा आहे. तिथे तेलशुद्धीकरण कारखाना उभारायला सुरुवात झाली आणि काम अर्धवट सुटलं. उपसलेला गाळ, डांबर, खडी, मधूनच डबकी. सुशोभीकरणाची याहून योग्य उमेदवार जागा शोधून सापडायची नाही. अभ्यासकांनी पाहिलं तर दुर्मीळ कीटकांची तिथे रेलचेल होती. २००५ साली खास अपृष्ठवंशीय जीवांसाठी तिला संरक्षण मिळालं. बर्लिनमध्ये १९५२ साली बंद पडलेलं रेल्वे यार्ड आपलं आपण रुजत गेलं आणि पुढे निसर्गोद्यान झालं. रूळ अजून तसेच आहेत. अशा किती जागा आपण ‘काहीच नाही तिथे’ म्हणून दरवर्षी जेसीबीखाली घालतो?

यावर नागरिकांचे जे आक्षेप असतात ते मी मनापासून ऐकते, कारण ते खोटे नाहीत. उंच गवताची भीती वाटते. विंचूकाट्याची भीती असते. अंधाऱ्या, झाडोऱ्याच्या वाटेवरून एकट्या बाईने जायचं कसं, हा प्रश्न तर कोणत्याही फुलपाखरापेक्षा मोठा आहे. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गवत आखूडच हवं. लहान मुलांच्या खेळाच्या जागेलगत झाडोरा नको. जोन नासॉअर या भूदृश्यरचनाकार अभ्यासिकेने १९९५ साली फार उपयोगाची गोष्ट सांगितली: रानटी दिसणाऱ्या जागेला नीटनेटकी चौकट दिली की लोक ती स्वीकारतात. कापलेली कडा, साधं कुंपण, एक पाटी. त्यातून कळतं की ही जागा कोणी टाकून दिलेली नाही, राखलेली आहे.

दिव्यांचंही तसंच. माणसं चालतात तिथे उजेड हवाच. पण रात्री दारं बंद झालेल्या बागेत, झाडांच्या शेंड्यांवर झोत टाकणारे दिवे कोणासाठी असतात? स्वित्झर्लंडमधल्या २०१७च्या एका प्रयोगात काळोखी कुरणांत दिवे लावले, तर फुलांवर येणाऱ्या निशाचर कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. पतंग हे रात्रपाळीचे परागवाहक आहेत आणि शहराच्या हिशेबात ते धरलेलेच नसतात.

डासांचा आक्षेप सगळ्यात भावनिक असतो, कारण त्यामागे आजारी मूल असतं. पूर्ण वाढलेले डास दिवसा झाडोऱ्यात विसावतात हे खरं, पण ते जन्मतात साचलेल्या पाण्यात: टायरमध्ये, उघड्या टाकीत, तुंबलेल्या गटारात. धूर आणि फवारणी मात्र डास आणि मधमाशी यांच्यात फरक करत नाही. २०१६ साली साउथ कॅरोलिनातील डॉर्चेस्टर काउंटीत झिकाच्या धास्तीने सकाळी विमानातून नॅलेड हे कीटकनाशक फवारलं गेलं आणि पाळलेल्या माश्या लाखोंनी मेल्या. पाळलेल्या होत्या म्हणून त्या मोजल्या गेल्या. रानमाश्या किती गेल्या, याची नोंद ठेवणारं कोणी नसतं. ज्या शहराला डासांची खरी चिंता आहे ते आधी पाण्याच्या मागे लागेल, आणि आरोग्य विभाग व उद्यान विभाग एकमेकांना विचारून कामं करतील.

मग शहराने करायचं काय? नवं उद्यान बांधणं हे यादीत बरंच खाली येतं. एकट्या राहणाऱ्या मधमाश्या बहुधा घरट्यापासून काही शे मीटरच्या आतच अन्न शोधतात. त्यामुळे शहराच्या एका टोकाला वीस एकरांची फुलपाखरू-बाग असण्यापेक्षा प्रत्येक वस्तीत चालत जाण्याच्या अंतरावर छोटे तुकडे असणं मोलाचं. शाळांची आवारं, स्मशानभूमीच्या कडा, लोहमार्गाच्या आणि कालव्यांच्या बाजू, रस्तादुभाजक या जागा शहराच्या ताब्यात आधीच असतात. कोस्टा रिकातील कुरिदाबात या शहराने परागवाहकांना नागरिक मानून रस्ते, पदपथ आणि बागा यांची आखणी त्यांच्या सोयीनेही करायचं ठरवलं, ते मला म्हणूनच पटतं; तिथे विषय एका बागेचा उरला नाही. रोपवाटिकांची अडचण मात्र खरी आहे. निविदेत ‘फुलझाडे, नग’ एवढंच लिहिलं तर ठेकेदार बाजारात मिळतील तीच रोपं आणणार, आणि ती बहुधा कीटकनाशकात भिजलेली असणार. मुळातून शोषली जाणारी औषधं पानात, परागात, मधात उतरतात. असं रोप फुलपाखरू-बागेत लावणं म्हणजे विषाचं ताट वाढणं. त्यामुळे निविदेत जातींची नावं हवीत, बी आसपासच्या रानातून गोळा केलेलं हवं, रोपांवर अशी औषधं मारलेली नसल्याची अट हवी, आणि दोन-तीन वर्षं आधी मागणी नोंदवायला हवी, कारण देशी रोपं मागणीशिवाय कोणी तयार करत नाही. पावसानंतर सगळं एकदम कापून टाकण्याऐवजी तुकड्यातुकड्याने कापायचं, म्हणजे कोष आणि अंडी एका दिवसात कचऱ्याच्या गाडीत जाणार नाहीत. पालापाचोळा जाळायचा तर अजिबात नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत प्रेसिडियो या भागातल्या वाळूच्या टेकड्या आता पुन्हा मूळ झुडपांनी झाकल्या जात आहेत. २०२४ साली तिथे सिल्व्हरी ब्लू ही झर्सीजची जवळची नातलग फुलपाखरं सोडण्यात आली. गेलेलं परत आलेलं नाही, येणारही नाही. त्याची जागा भरून काढायचा हा प्रयत्न आहे, आणि टेकड्या आधी सावरल्या म्हणून तो करता आला.

पण सगळ्यात जास्त मला आठवते ती फ्लोरिडातल्या अटाला फुलपाखराची गोष्ट. काळ्या पंखांवर निळे-हिरवे ठिपके आणि लालभडक पोट. त्याची अळी कूंटी नावाच्या एकाच बुटक्या सायकॅडवर, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीवर, जगते. पिठासाठी लोकांनी कूंटीची खोडं इतकी उपसली की १९३७नंतर अटाला नष्ट झालं असंच मानलं गेलं. १९७९ साली मायामीजवळच्या एका बेटावर त्याची छोटीशी वस्ती सापडली. पुढच्या दशकांत शोभेची म्हणून कूंटी बागांमध्ये लावली जाऊ लागली, घरांपुढे, दुकानांपुढे, रस्त्यांच्या कडेला, आणि अटाला तिच्या मागोमाग शहरात आलं. आता तिथल्या कृषी सल्लागारांकडे लोक वेगळीच अडचण घेऊन येतात: घरापुढच्या कूंटीवर लाल अळ्या पडल्या आहेत, सगळी पानं खाऊन टाकली, काय करू? सल्लागार सांगतात, औषध मारू नका, झाडाला पुन्हा पानं फुटतील.